गेलेल्या चांदीची जागा

सोन्यातली भेसळ काढायची असेल तर आधी त्यात आणखी भेसळ करावी लागते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून घराबाहेर पडली आणि केरळपासून बंगालपर्यंतच्या सराफ बाजारांत गलाईची दुकानं थाटून बसली. त्यांच्या धंद्यातला हा पहिला धडा. जुने दागिने वितळवताना त्यात चांदी किंवा तांबं मुद्दाम मिसळायचं, सोन्याचा वाटा चौथाईच्या आसपास आणायचा, तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे आणि ते दाणे नायट्रिक आम्लात, म्हणजे बाजारात ज्याला तेजाब म्हणतात त्यात, उकळायचे. तांबूस धूर निघतो, चांदी आणि तांबं विरघळून जातं, आणि तळाशी उरतो तो माल पाहून दागिना देणाऱ्याच्या पोटात गोळाच यावा. तपकिरी, निस्तेज, मातीसारखा गाळ. तो धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवला की मगच पिवळं सोनं डोळ्यांना दिसतं. चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती परत मिळते.

या सगळ्या व्यवहारात तपकिरी गाळाला काही किंमत नव्हती. तो पुढच्या घटकेला वितळायचाच होता, मग त्याच्याकडे निरखून बघणार कोण? बघायचं म्हटलं असतं तरी दिसलं नसतं. त्या गाळाच्या कणाकणात आरपार गेलेली छिद्रं असतात, त्यांची रुंदी काही नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अनारशाला जाळी पडते तशी ही जाळी, फक्त पृष्ठभागावर नाही तर गाभ्यापर्यंत. चांदी जिथे जिथे होती तिथून निघून गेली आणि मागे राहिलेलं सोनं एकमेकांचे हात धरून उभं राहिलं. आज प्रयोगशाळांत हाच पदार्थ मुद्दाम तयार करतात आणि त्याला नॅनोसच्छिद्र सोनं म्हणतात. शेकडो वर्षं तो रोज तयार होत होता आणि रोज वितळवला जात होता.

सोन्यातून चांदी बाहेर काढण्याची विद्या आम्लांच्याही आधीची आहे. आजच्या तुर्कस्तानात, लिडिया राज्याच्या सार्डिस या राजधानीत, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सोन्याचे पातळ पत्रे मिठाबरोबर मडक्यात घालून, न वितळवता, दीर्घकाळ तापवत असत. पॅक्टोलस नदीकाठी त्या भट्ट्या उत्खननात सापडल्या. अकबराच्या टांकसाळीत शोरा आणि कच्च्या विटांची भुकटी लावून पत्रे शेणीच्या आगीत भाजत, त्याचं वर्णन ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. भट्टीतली राखदेखील टाकत नसत, कारण चांदी तिच्यात गेलेली असे. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस नायट्रिक आम्ल आलं आणि काम सोपं झालं. १५५६ साली छापलेल्या ॲग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथात आणि १५७४ च्या लाझारस एर्करच्या पुस्तकात आम्लाने सोनं-चांदी वेगळं करण्याची कृती तपशिलाने येते.

आणि तिथेही चौथाईचाच नियम! एक भाग सोनं, तीन भाग चांदी. कस पाहणाऱ्यांना हा नियम फारच जपून पाळावा लागे. ते नमुन्याचा पत्रा ठोकून पातळ करत, त्याची गुंडाळी करत आणि ती आम्लात उकळत. चांदी कमी पडली तर आम्ल वरवर थोडं खाई आणि थांबे. आतली चांदी आतच राही आणि कस खोटा येई. चांदी फार झाली तर उरलेलं सोनं भुगा होऊन आम्लात विखुरलं जाई, मग वजन कशाचं करणार? प्रमाण जमलं तर मात्र गुंडाळी जशीच्या तशी शाबूत राही. बहुतेक वजन गेलेलं, रंग तपकिरी, चिमट्याने जोरात धरली तर मोडेल अशी, पण आकार तोच. मग ती हलकेच लाल होईपर्यंत तापवायची. ती आक्रसते, सोनेरी होते, थोडी बळकट होते. वितळलेली नसताना तिचा रंग का बदलतो, हा प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही. चौथाईच का, निम्मं-निम्मं का नाही, याचंही उत्तर कुणाकडे नव्हतं. उस्तादाने सांगितलं, शागिर्दाने केलं.

अटलांटिकच्या पलीकडे हीच गोष्ट उलट्या बाजूने चालली होती. कोलंबिया, पनामा, इक्वेडोर, पेरू या प्रदेशांतले कारागीर सोन्यात तांबं मिसळून दागिने आणि मूर्ती घडवत. स्पॅनिश लोक या मिश्रधातूला तुंबागा म्हणू लागले. कॅरिबियन बेटांवर त्याला ग्वानिन म्हणत. कोलंबसाने स्पेनला पाठवलेल्या ग्वानिनची तपासणी झाली तेव्हा ३२ भागांत सोनं १८, चांदी ६ आणि तांबं ८ भाग निघालं. वरून बघावं तर मात्र बावनकशी. युक्ती अशी, की वस्तू तापवायची, पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं, आणि ते आंबट वनस्पतींच्या रसाने धुऊन काढायचं. असं वारंवार केलं की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि सोन्याचा सच्छिद्र, निस्तेज थर राहतो. मग गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. घोटण्याने छिद्रं मिटतात आणि झळाळी येते. फर्नांदेस दे ओव्हिएदो याने १५२६ च्या आपल्या ग्रंथात या लोकांच्या वनस्पती वापरून मुलामा देण्याच्या कौशल्याचं कौतुक केलं आहे.

स्पॅनिशांनी या वस्तू वितळवल्या आणि सोनं कमी भरलं म्हणून त्यांना फसवणूक वाटली. हा आरोप मला पटत नाही. मुलामा देणारा बाहेरून सोनं चढवतो. इथे तर बाहेरून काहीच चढवलेलं नव्हतं. अँडीज पर्वतातल्या धातुविद्येचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या हेदर लेक्टमन यांचं म्हणणं असं, की वस्तूच्या वर जे दिसायचं ते तिच्या अंगात आधीपासून असलंच पाहिजे, अशी त्या समाजाची धारणा होती. कारागीर सोनं लावत नव्हता, आतलं सोनं वर आणत होता. तसं पाहिलं तर फसवणूक करणाऱ्याला याहून सोपे मार्ग होते.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली आणि छिद्रांचा हा खेळ रोग ठरला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, मऊ, सच्छिद्र तांबं राहतं. नळीचा आकार तोच, जाडी तीच, पण चाकूचं टोक टेकवलं तर आत जाईल. कॅल्व्हर्ट आणि जॉन्सन या दोघांनी १८६६ साली या झिजेची नोंद केली. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या नळ्या अशा कुजल्या की समुद्राचं खारं पाणी बाष्पकात शिरे आणि जहाज अडून बसे. उपाय अनुभवातूनच सापडले. पितळेत १ टक्का कथील घालायचं, पुढे चिमूटभर आर्सेनिक. गंजशास्त्राच्या पुस्तकांत या प्रकाराला आपलं स्वतःचं प्रकरण मिळालं, आणि पुढची कित्येक दशकं मिश्रधातूतून एक धातू निघून जाणं म्हणजे टाळायची गोष्ट, असंच अभियंते शिकत राहिले.

त्याच काळात एक यांत्रिकी अभियंता नेमकी तीच गोष्ट जाणूनबुजून करायला निघाला. या इतिहासातला मला सगळ्यांत आवडणारा माणूस हाच, मरे रॅनी. जन्म १८८५ चा, गाव केंटकी राज्यातलं कॅरोल्टन. रसायनशास्त्राशी त्याचा औपचारिक संबंध बेताचाच. १९०९ साली केंटकी विद्यापीठातून त्याने यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९१५ मध्ये तो टेनेसीतल्या चॅटानूगा शहरात लुकआउट ऑइल अँड रिफायनिंग कंपनीत लागला. सरकीचं तेल घट्ट करून त्याचं वनस्पती तूप बनवणं हा तिथला धंदा, आणि त्यासाठी लागणारा हायड्रोजन पाण्यातून वीज सोडून मिळवण्याची यंत्रणा बसवणं हे रॅनीच्या कामांपैकी एक.

तेल घट्ट करण्याची ही कला तेव्हा फार जुनी नव्हती. फ्रान्समध्ये पॉल साबात्ये याने बारीक निकेलवरून हायड्रोजन आणि सेंद्रिय पदार्थांची वाफ नेली की हायड्रोजन त्यांना जोडला जातो हे दाखवलं होतं, आणि त्याबद्दल त्याला १९१२ चं नोबेल मिळालं. द्रवरूप तेलासाठी ही रीत जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मनने १९०२ मध्ये वापरली. १९११ मध्ये अमेरिकेत क्रिस्को बाजारात आलं. आपल्याकडे १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा निघाला. त्याचे रिकामे पिवळे डबे पुढे घरोघरच्या तुळशींना आणि पिठामिठाला कामी आले. या सगळ्यांच्या मुळाशी निकेल. स्वतः खर्ची न पडता तेल आणि हायड्रोजनची गाठ घालून देणारा उत्प्रेरक.

गाठ पडते ती निकेलच्या पृष्ठभागावर, म्हणून एका ग्रॅममध्ये पृष्ठभाग जितका जास्त तितकं काम जोरात. लुकआउटमध्ये निकेल ऑक्साइडपासून हायड्रोजनच्या साहाय्याने निकेलची पूड बनवत. रॅनीला ती समाधानकारक वाटेना. सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूवर कॉस्टिक सोडा टाकला की हायड्रोजन सुटतो, हे त्या काळी माहीत होतं. फुगे भरायला लष्करं ही रीत वापरत. १९२४ मध्ये रॅनीने निकेल आणि सिलिकॉन समप्रमाणात वितळवून एक ठिसूळ धातू बनवला, त्याचा चुरा केला आणि तो कॉस्टिक सोड्यात टाकला. सिलिकॉन विरघळलं, हायड्रोजनचे बुडबुडे आले, खाली राखाडी निकेल राहिलं. सरकीच्या तेलावर ते वापरून पाहिलं तर कारखान्यात चालू असलेल्या उत्प्रेरकापेक्षा ते सुमारे पाचपट तेज निघालं. १९२५ च्या डिसेंबरात त्याचं पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी त्याने सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम घेतलं, पुन्हा निम्मं-निम्मं. १९२७ साली त्याचंही पेटंट झालं, आणि हा दुसरा प्रकार जगभर रॅनी निकेल म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याला प्रत्यक्षात मिळालं होतं ते पूर्वीच्या गलाईवाल्यांनी आणि कस पाहणाऱ्यांनी हजारदा बनवलेल्या पदार्थाचं निकेलमधलं रूप. फरक इतकाच की हा मुशीत गेला नाही. एक ग्रॅम रॅनी निकेलचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग १०० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे चांगल्या ऐसपैस सदनिकेइतका. त्यात भर म्हणजे तयार होतानाच त्याने पोटात हायड्रोजन भरून घेतलेला असतो. कोरडा करून हवेत ठेवला तर तो आपोआप पेट घेतो, म्हणून पाण्यात बुडवूनच साठवावा लागतो. प्रयोगशाळेत नवशिक्यांना पहिली ताकीद हीच मिळते, की गाळणीचा कागद कोरडा पडू देऊ नका.

रॅनी मात्र या शोधावर लगेच पोट भरायला बसला नाही. १९२५ मध्ये त्याने तेल कंपनी सोडली आणि एका रंग-वॉर्निश कंपनीत विक्री व्यवस्थापक झाला. तिथेच चढत चढत अध्यक्षपदापर्यंत पोहोचला. निकेलचा व्यवसाय हा त्याचा जोडधंदा. विस्कॉन्सिन विद्यापीठात होमर ॲडकिन्सने १९३० च्या दशकात हा निकेल सेंद्रिय रसायनांवर पद्धतशीर वापरून पाहिला आणि रसायनशास्त्रज्ञांच्या हाती एक हुकमी हत्यार आलं. त्यानंतर तेल हे रॅनी निकेलचं मुख्य क्षेत्र राहिलंच नाही. औषधं, ग्लुकोजपासून बनणारं सॉर्बिटॉल, नायलॉनचा कच्चा माल यांत त्याचा खरा बोलबाला झाला. १९५० मध्ये वॉर्निशचा निरोप घेऊन रॅनी पूर्णवेळ उत्प्रेरकांकडे वळला, १९६३ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला व्यवसाय विकला आणि १९६६ मध्ये वारला.

सोनार, गंजतज्ज्ञ आणि तेलवाले आपापल्या गल्लीत काम करत राहिले. एकमेकांची पुस्तकं वाचण्याचं त्यांना कारण नव्हतं. या गल्ल्या जोडल्या त्या इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या ए. जे. फोर्टी यांनी. चांदी-सोन्याच्या अतिपातळ पत्र्यांवर नायट्रिक आम्ल सोडून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. दिसलं ते असं, की सोनं सपाट थर होऊन बसत नाही. त्याची बेटं होतात आणि बेटांमधून कालवे वाहतात. १९७९ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी मिश्रधातूंचा गंज आणि प्राचीन अमेरिकेतला सोन्याचा मुलामा शेजारी शेजारी बसवले. कारागिराचा गुण आणि जहाजाचा रोग एकच आहे, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी मांडलं नव्हतं.

तरी मुख्य कोडं शिल्लकच होतं. सोन्याला आम्ल खात नाही. मग पृष्ठभागावरची चांदी गेल्यावर उरलेल्या सोन्याचं आतल्या चांदीवर झाकण बसायला हवं आणि सगळं तिथेच थांबायला हवं. थांबत का नाही? १९८० च्या दशकात कार्ल सिएराड्झ्की आणि रॉजर न्यूमन यांनी एक बाजू धरली. मिश्रधातूत चांदीचे अणू पुरेसे असतील तर ते एकमेकांना लागून आतपर्यंत अखंड साखळ्या बनवतात, आणि आम्ल त्या वाटांनी आत उतरतं. दुसरी बाजू २००१ च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये आली. जोना एर्लबाकर, मायकेल अझीझ, अलेन कर्मा, निकोलाय दिमित्रोव्ह आणि सिएराड्झ्की यांनी संगणकात एक-एक अणू हलवून दाखवला. अणूंच्या थराच्या कडेवरून चांदीचा अणू सुटला की शेजारचे सोन्याचे अणू निराधार होतात. ते आम्लात जात नाहीत, पण जागेवरही बसत नाहीत. पृष्ठभागावर भटकत भटकत दुसऱ्या सोन्याला जाऊन चिकटतात. सोन्याचा गठ्ठा जमतो आणि त्याच्या शेजारी ताजी चांदी उघडी पडते. तिथे पुन्हा तेच. सोन्याला हलता येतं म्हणूनच झाकण बसत नाही, आणि म्हणूनच छिद्र खोल जातं.

चौथाईचा हिशेबही यातून उलगडतो. काम चालू राहायला दर १०० अणूंत साधारण ५५ ते ६० अणू चांदीचे लागतात. सोन्याचा अणू चांदीच्या अणूच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण घेतलं तरी त्यात १०० पैकी सुमारे ६५ अणू चांदीचे असतात. जुन्या उस्तादांची चौथाई म्हणजे जवळपास ८५. म्हणजे ते गरजेपेक्षा बरेच पुढे, निर्धोक बाजूला उभे होते. आता रॅनीचा हिशेब करून पाहा. वजनाने निम्मं निकेल आणि निम्मं ॲल्युमिनियम म्हणजे १०० अणूंत ॲल्युमिनियमचे सुमारे ६८. त्या मिश्रधातूची अंतर्गत रचना वेगळी असते, तेव्हा सोन्याचं गणित तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. तरीही त्याने डोळे मिटून टाकलेलं दान बरोबर घरात पडलं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

कस पाहणाऱ्याच्या गुंडाळीचंही उत्तर मिळालं. सोन्याचे अणू आम्लातून बाहेर काढल्यावरही भटकणं सोडत नाहीत. उष्णता दिली की बारीक तंतू एकमेकांत मिसळून जाड होतात, छिद्रं मोठी होतात, आणि तपकिरी रंग जाऊन सोनेरी रंग येतो. हीच सवय पुढे संशोधकांना नडली, कारण तापलेल्या भट्टीत ठेवलेला हा पदार्थ आपोआप म्हातारा होतो.

२००४ मध्ये एर्लबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नक्षीकामाच्या दुकानात मिळतो तसा १२ कॅरेटचा पांढरट वर्ख घेतला, जाडी सुमारे १०० नॅनोमीटर. तो नायट्रिक आम्लावर तरंगत ठेवला आणि थोड्या वेळाने उचलला. नॅनोसच्छिद्र सोन्याचा पडदा तयार. कोट्यवधींचं यंत्र नाही, निर्वात पोकळी नाही. या सोपेपणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत तो बनू लागला.

त्याचं करायचं काय, याचं उत्तर ओसाकाच्या मासाताके हारुता यांनी आधीच सुचवलं होतं. आळशी म्हणून प्रसिद्ध असलेलं सोनं अतिसूक्ष्म कणांच्या रूपात कार्बन मोनॉक्साइड शून्याखाली ७० अंशांनाही जाळतं, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. आधारावर बसवलेल्या कणांचं काम जाळीदार सोनं एकट्याने करू शकतं, हे जर्मनीत आणि चीनमध्ये २००६-०७ च्या सुमारास सिद्ध झालं. मग २०१० मध्ये ब्रेमेन, लिव्हरमोर आणि हार्वर्डच्या गटाने ‘सायन्स’मध्ये मिथेनॉलपासून मिथाइल फॉर्मेट बनवून दाखवलं, ८० अंशांखाली आणि ९७ टक्क्यांहून जास्त नेमकेपणाने. त्यात एक गंमत होती. ऑक्सिजनचा रेणू फोडणं शुद्ध सोन्याला फारसं जमत नाही. ते काम जाळीत अडकून राहिलेली थोडीशी चांदी करते. पूर्ण निघाली असती तर उत्प्रेरक थंड पडला असता. ज्या शेवटच्या कणासाठी गलाईवाला तेजाब दुसऱ्यांदा बदलतो, तोच इथे राबत होता.

जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात हिदेमी कातो आणि ताकेशी वादा यांनी २०११ मध्ये आम्लाऐवजी वितळलेलं मॅग्नेशियम वापरलं. टायटॅनियम-तांब्याचा तुकडा त्यात बुडवला की तांबं मॅग्नेशियमकडे जातं आणि टायटॅनियमची जाळी राहते. आम्लात गंजून जाणारे धातूही यामुळे जाळीदार करता आले. दोन वर्षांनी त्यांनी लोह-क्रोमियममधून निकेल अशाच रीतीने बाहेर काढलं.

संशोधनपत्रं सोन्यावर निघतात, पण टनावारी खपतो तो अजूनही निकेलच. सोन्याचा भाव पाहता ते वेगळं सांगायला नको. आणि या निकेलला आता नवी नोकरी मिळते आहे. पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या आजच्या क्षारीय विद्युतघटांत पत्र्यावर निकेल आणि ॲल्युमिनियमचा थर फवारतात, तो गरम कॉस्टिक द्रावणात बुडवून ॲल्युमिनियम विरघळवतात आणि उरलेल्या जाळीवर हायड्रोजन कमी विजेत सुटतो. चॅटानूगाच्या कारखान्यात रॅनीने तेलासाठी बसवलेल्या घटांचं काम हेच होतं. त्या घटांमध्ये त्याचं निकेल मात्र नव्हतं. ते पलीकडे तेलाच्या टाकीत होतं.